पुस्तकाची लिंक पाठवली, पण उघडतच नाही! लायब्ररीची ‘कायमची लिंक’ म्हणजे काय, ती कुठं मिळते?

वडोदरा : मोबाइलच्या नकाशावर नुसतं ‘वासणा’ टाकलं, की एकाहून जास्त ठिकाणं समोर येतात. एक वासणा वडोदऱ्यात, विश्वामित्री नदीच्या पश्चिमेला, भायलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुसरा अहमदाबादेत. शिवाय गुजरातच्या खेड्यापाड्यांत याच नावाची आणखी गावं आहेत. त्यामुळे इथल्या माणसाला कुरिअरवाल्याला पत्ता देताना आधी ‘वडोदऱ्यातला’ असं सांगावं लागतं आणि वर पिनकोडही द्यावा लागतो. नुसत्या नावावर पार्सल घरी पोचेल, याची खात्री नसते.

लायब्ररीतल्या पुस्तकांचंही असंच आहे. नुसतं नाव सांगून पुस्तक सापडेलच असं नाही. आणि पुस्तक सापडलं, तरी ते दुसऱ्याला दाखवता येईल, असंही नाही.

समजा, वासण्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला एका लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये गायकवाडी काळात छापलेलं एक जुनं मराठी पुस्तक सापडलं. भाचा बेळगावात पीएचडी करतोय, त्याला नेमकं हेच पुस्तक हवं होतं. मावशींनी वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी केला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. संध्याकाळी भाच्याचा निरोप आला, “मावशी, लिंक उघडते, पण पुस्तक दिसत नाही. ‘सेशन संपलं’ असं काहीतरी येतंय.” मावशींनी परत तीच लिंक पाठवली. परत तेच.

यात मावशींचं चुकलं नाही आणि भाच्याचंही नाही. चुकीचा पत्ता कॉपी झाला, एवढंच. बरोबर पत्ता बहुतेक वेळा त्याच पानावर कुठंतरी असतो. तो कसा ओळखायचा, आणि तो टिकवण्यासाठी लायब्ररीनं काय करायचं, ते समजून घेऊ.

लिंक उघडत का नाही?

बँकेत गेल्यावर टोकन मिळतं. टोकन नंबर ४७. तो त्या दिवसापुरता, त्या रांगेपुरता. उद्या ४७ नंबर दुसऱ्या कुणाचा तरी असतो. खाते क्रमांकाचं तसं नाही. तो दहा वर्षांनीही त्याच माणसाचा असतो.

लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये हे दोन्ही प्रकार दिसतात. वाचक शोध घेतो, तेव्हा काही प्रणाली त्याच्यापुरतं एक तात्पुरतं ‘सेशन’ उघडतात. त्यानं काय शोधलं, किती निकाल आले, कितव्या निकालावर क्लिक केलं, हे सगळं त्या सेशनमध्ये साठतं. पट्टीतला पत्ताही त्या सेशनचाच असतो. ‘या वाचकाच्या या शोधातला तिसरा निकाल’ इतकाच त्याचा अर्थ. काही मिनिटं हालचाल झाली नाही की सेशन बंद होतं आणि तो पत्ता निरर्थक ठरतो. भाच्याच्या हाती पडलं ते मावशींचं कालचं टोकन.

कायमची लिंक, म्हणजे ज्याला ‘पर्मलिंक’ म्हणतात, ती खाते क्रमांकासारखी असते. तिच्यात शोधाचा काही संबंध नसतो. कॅटलॉगमधल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीला एक क्रमांक असतो आणि लिंक थेट त्या क्रमांकाकडे बोट दाखवते. आज उघडा, पुढच्या वर्षी उघडा, वासण्यातून उघडा नाहीतर बेळगावातून, नोंद तीच दिसायला हवी.

ही अडचण फक्त आपल्याकडच्या लहान लायब्ऱ्यांची नव्हती. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॅटलॉगमध्येही शोधातून आलेला पत्ता काही वेळानं मरायचा. २००८ मध्ये त्यांनी यावर उपाय म्हणून नोंदींच्या कायमच्या लिंक सुरू केल्या. वेबसाइटचा एक छोटा ठरलेला पत्ता आणि पुढे त्या लायब्ररीचा नियंत्रण क्रमांक, बस. मराठी वाचकाच्या हे थेट उपयोगाचं आहे, कारण साठच्या दशकापासून या लायब्ररीच्या दिल्ली कार्यालयामार्फत मराठी पुस्तकंही तिकडे जात आली आहेत. इथल्या कपाटात न सापडणाऱ्या पुस्तकाची नोंद कधी कधी तिथं मिळते.

नावावर का भागत नाही?

‘लिंक कशाला? नाव सांगितलं की शोधेल ना तो!’ असं कुणी म्हणेल. मराठी पुस्तकाच्या बाबतीत ते इतकं सोपं नाही.

एकच आडनाव घ्या, गायकवाड. इंग्रजी अक्षरांत ते किमान चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. कुठं शेवटी ‘ड’, कुठं ‘र’. कुठं मधे ‘ए’, कुठं ‘आय’. शहराचं नाव बघा. मराठी माणूस बडोदे किंवा बडोदा म्हणतो, गुजरातीत वडोदरा, जुन्या इंग्रजी नोंदींत बरोडा. गुजरातेतल्या लायब्ररीत मराठी पुस्तकाचं नाव कधी देवनागरीत चढवलेलं असतं, कधी रोमन अक्षरांत, तर कधी गुजराती लिपीतही. परदेशातल्या लायब्ऱ्या अक्षरांवर-खाली टिंबं आणि रेघा देऊन रोमन लिपीत लिहितात. पुणेकर जसं टाइप करेल, तसं वडोदऱ्याच्या नोंदीत असेलच असं नाही.

नव्या पुस्तकाला निदान आयएसबीएन क्रमांक असतो. पण ही पद्धत जगभर रुळली ती १९७० नंतर. ‘सयाजी साहित्यमाला’ किंवा ‘सयाजी बालज्ञानमाला’ यांसारख्या बडोदे संस्थानच्या मालांमधून मराठी आणि गुजरातीत निघालेल्या पुस्तकांवर असा क्रमांक असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे ज्या पुस्तकांना दुसरा कुठलाच क्रमांक नाही, त्यांच्यासाठी लायब्ररीतल्या नोंदीचा क्रमांक हीच सगळ्यात पक्की ओळख.

नावांच्या या गोंधळावर आपल्याच एका माणसानं देशासाठी उत्तर शोधलं होतं. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची पद्धत आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, नावांची वेगवेगळी स्पेलिंगं, या सगळ्यांतून सहा आकड्यांनी वाट काढली. पहिला आकडा ३ असला की गुजरात-राजस्थानकडची डाक, ४ असला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. वडोदरा शहराचे पिनकोड ३९० नं सुरू होतात. गावाचं नाव कसंही लिहा, आकडा बरोबर असला की टपाल पोचतं. कॅटलॉगमधली कायमची लिंक पुस्तकासाठी हेच काम करते.

‘कायमची’ म्हणजे खरंच कायमची?

इथं मात्र थोडं सावध राहायला हवं. लिंक आपोआप टिकत नाही, कुणीतरी ती टिकवावी लागते. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती.

लायब्ररीच्या लिंक तुटण्याची कारणं साधीच असतात. लायब्ररीनं सॉफ्टवेअर बदललं आणि नव्या प्रणालीत प्रत्येक पुस्तकाला नवा क्रमांक मिळाला. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी झाल्या होत्या, त्या एकत्र करताना एक क्रमांक रद्द झाला. वेबसाइटच्या नावाचं वार्षिक शुल्क भरायचं राहून गेलं. किंवा कॅटलॉग एखाद्या पुरवठादाराच्या वेबसाइटवर होता आणि कंत्राट संपल्यावर पत्ताच गेला.

मराठी वाचकांनी याचा मोठा फटका अनुभवलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात देशभरातली लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठीही भरपूर. लोकांनी त्यांच्या लिंक लेखांत, प्रबंधांत दिल्या. पुढे मूळ वेबसाइट बंद पडली आणि त्या सगळ्या लिंक मुक्या झाल्या.

पण गोष्ट तिथं संपली नाही. कार्ल मालामुद यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ या संस्थेमार्फत त्यांतली पुष्कळ पुस्तकं ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चढली. तिथल्या पत्त्यात ‘डीएलआय’ ही अक्षरं, २०१५ हा आकडा आणि पुढे प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, अशी खूण ठेवली आहे. पुस्तकांची नावं तिथं रोमन अक्षरांत इतकी वेडीवाकडी चढलेली आहेत, की नावानं शोधणारा अनेकदा हात हलवत परत येतो. ज्याच्याकडे ती खूण आहे, तो मात्र थेट पुस्तकावर पोचतो. वेबसाइट बदलली, नाव बिघडलं, आणि क्रमांकामुळे पुस्तक हाती लागलं.

पत्ता बदलला तरी न तुटणारी लिंक

यावर ग्रंथालयांच्या जगात एक पक्की तोड निघाली आहे. लिंक थेट पुस्तकाच्या पानाकडे न नेता मधल्या एका नोंदवहीकडे न्यायची. तिथं लिहिलेलं असतं, ‘अमुक क्रमांकाची वस्तू सध्या तमुक ठिकाणी आहे.’ जागा बदलली की फक्त नोंदवहीतली ओळ बदलायची. लोकांकडे असलेली लिंक तशीच राहते. मुलगी नोकरीनिमित्त कितीही गावं बदलत राहिली तरी माहेरी विचारलं की तिचा सध्याचा पत्ता मिळतो, तसंच हे.

ओसीएलसी या अमेरिकन ग्रंथालय संस्थेनं १९९५ मध्ये ‘पर्ल’ नावानं अशी सोय सुरू केली. ‘हँडल’ ही पद्धत त्याच जातीची. संशोधन लेखांवर दिसणारा ‘डीओआय’ क्रमांक हँडलवरच चालतो.

याचं उत्तम उदाहरण गुजरातेतच आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राचं ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं भांडार हँडल पद्धत वापरतं. तिथल्या प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीत १०६०३ हा आकडा, तिरपी रेघ आणि पुढे त्या प्रबंधाचा स्वतःचा क्रमांक असा पत्ता दिलेला असतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत मराठीत लिहिलेले प्रबंधही इथं आहेत. म्हणजे जळगावच्या किंवा नांदेडच्या प्रबंधाचा कायमचा पत्ता गांधीनगरात, आणि तो उघडतो बेळगावातही. संदर्भ देताना वरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता न घेता नोंदीत दिलेला हा हँडलचा पत्ता घ्यावा.

वाचकानं काय करायचं?

पहिलं काम, नोंदीच्या पानावर ‘पर्मलिंक’, ‘शेअर’, ‘साइट धिस’ किंवा साखळीचं छोटं चित्र असलेलं बटण आहे का ते बघणं. असेल तर तिथूनच लिंक घ्यावी.

बटण नसेल तर पट्टीतला पत्ता नीट वाचावा. अनेक लायब्ऱ्या ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या लायब्ररीसाठी ते बनलं आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. कोहाच्या पत्त्यात ‘बिब्लिओनंबर’ हा इंग्रजी शब्द, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे एक आकडा असतो. हा आकडा म्हणजे नोंदीचा क्रमांक. त्यानंतर ‘अँड’चं चिन्ह आणि शोधलेल्या शब्दांचं शेपूट चिकटलेलं असेल, तर ते खुशाल कापून टाकावं. पत्ता आकड्यापर्यंतच पुरेसा आहे. याउलट पत्त्यात ‘सेशन’ किंवा ‘सर्च’ असे शब्द दिसले आणि नोंदीचा क्रमांक कुठंच नसेल, तर ती लिंक पाठवण्यात अर्थ नाही.

पाठवण्याआधी तपासणी करावी. ब्राउजरची ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडून तिथं लिंक टाकावी, किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडून बघावी. लायब्ररीच्या वायफायवरून नव्हे, मोबाइल डेटावरून. कारण काही कॅटलॉग फक्त संस्थेच्या आवारातच उघडतात. तिथं लिंक कितीही पक्की असली तरी बाहेरच्याला तिचा उपयोग नाही.

आणि लिंक कधीही एकटी पाठवू नये. सोबत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशनाचं गाव आणि साल, लायब्ररीचं नाव, आणि नोंदीत दिसत असेल तर वर्गांक किंवा दाखल क्रमांक लिहावा. ही एक ओळ जास्तीची वाटते. पण उद्या वेबसाइट बंद पडली तरी ग्रंथपालाला फोन करून दाखल क्रमांक सांगता येतो, आणि पुस्तक कपाटातून निघतं. स्क्रीनशॉट पाठवायचाच असेल तर पाठवावा, पण तो लिंकला जोड म्हणून.

एक गैरसमजही दूर करायला हवा. नोंदीची लिंक म्हणजे पुस्तकाची पीडीएफ नव्हे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर फिरवणं अडचणीचं ठरू शकतं. नोंदीची लिंक पाठवण्यात तशी काही अडचण नाही. पुस्तक कुठं आहे, एवढंच ती सांगते.

लायब्ररीनं काय करायचं?

सीमाभागातल्या लहान वाचनालयांनाही हे जमण्यासारखं आहे. मोठा खर्च लागत नाही, शिस्त लागते.

कॅटलॉग ऑनलाइन टाकताना वेबसाइटचं नाव संस्थेच्या स्वतःच्या नावावर घ्यावं, पुरवठादाराच्या नाही. त्याच्या नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत टाकावी, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी विसर पडत नाही. सॉफ्टवेअर बदलताना करारातच अट घालावी, की जुने नोंद क्रमांक जपले जातील, किंवा जुन्या लिंकवरून नव्याकडे आपोआप जाता येईल. दोन नोंदी एकत्र केल्या तर रद्द झालेला क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देऊ नये. आणि मराठी पुस्तकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही लिप्यांत चढवावं, म्हणजे लिंक नसलेल्यालाही ते सापडेल.

हे जमवणं सीमेपलीकडच्या मराठी वाचकासाठी जास्त गरजेचं आहे. ग्रंथालयांचा कारभार राज्यवार चालतो. कर्नाटकचा कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा, गोव्याचा १९९३ चा, गुजरातचा २००१ चा. कायदे वेगळे, खाती वेगळी, कॅटलॉगही वेगवेगळे. मराठी पुस्तकं मात्र या सगळ्या राज्यांत विखुरलेली आहेत. वडोदऱ्यातल्या कपाटात काय आहे हे नंदुरबारच्या वाचकाला कळायचं, तर त्याला ते कुणीतरी दाखवायला हवं.

वडोदऱ्याला हे काम नवीन नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. सेंट्रल लायब्ररी त्याच काळातली. जिथं लायब्ररी नव्हती त्या गावांना पुस्तकं भरलेल्या पेट्या जायच्या, हीच फिरती ग्रंथालयं. १९१२ मध्ये सुरू झालेलं ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघायचं. कुठल्याही भाषेच्या वाचकाला पुस्तकापर्यंत नेणं हे लायब्ररीचं काम आहे, हे इथं तेव्हाच मान्य झालं होतं.

आता वासण्यातल्या मावशींकडे परत येऊ. त्यांनी नोंदीचं पान पुन्हा उघडलं, ‘पर्मलिंक’चं बटण शोधलं आणि लिंक घेतली. खाली पुस्तकाचं नाव, साल, लायब्ररीचं नाव आणि दाखल क्रमांक लिहिला, इन्कॉग्निटोत उघडून पाहिली आणि पाठवली, तर पाच मिनिटांचं काम. बेळगावात ती पहिल्या फटक्यात उघडेल. भाच्याच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत गेल्यावर ती आणखी दहा जणांपर्यंत पोचेल. त्यानंतर ती उघडत राहील की नाही, हे मात्र लायब्ररी तो क्रमांक किती वर्षं जपते त्यावर अवलंबून आहे.